तक्रार मागे घे

क्लेमेंटिना: पाणी पी आणि जा, मालू. त्या कागदावर मी सही करणार नाही.

मालू: पानी प्यायला नाय आले मी. चेंदनी कोलीवाड्यातनं माजिवड्याला कोन पानी प्यायला येतं?

क्लेमेंटिना: कशी आलीस तेही बघितलं मी. गोपीनाथच्या फियाटमधून उतरलीस. गाडी अजून नाक्यावर उभी आहे आणि तो आत बसलाय. अख्ख्या गावठाणाने बघितलं.

मालू: बघू दे.

क्लेमेंटिना: ज्या एजंटने तुझ्या नवऱ्याला खोटं काम सांगून सौदीला धाडलं, त्याच्याच गाडीत बसून माझ्या दारात आलीस.

मालू: मग कोनाच्या गाडीत बसू, बाय? तुज्याकडं वकील हाय, तुमचे फादर हायत. त्यांच्यातला एक तरी माज्या नाथाला घरी आननार हाय का? ज्यानी नेला तोच आनील.

क्लेमेंटिना: काय सांगितलं त्याने तुला?

मालू: उद्या मुंबईला दिल्लीचा साब येनार हाय. त्याच्यासमोर सुनावनी हाय. मानसं परदेशी पाठवायचं गोपीनाथशेटचं लायसन आता नुसतं थांबवलंय. तू उद्या उभी रायलीस तर ते कायमचं जाईल. न लायसन गेलं का तिकडचा मानूस शेटचा फोन पन घेनार नाय. मग नाथा तिकडंच कुजला. तू सही केलीस, माजी तक्रार नाय म्हनून, तर शेट एक फोन करील न नाथा विमानात बसेल.

क्लेमेंटिना: आणि तू विश्वास ठेवलास.

मालू: विश्वास ठेवायला न नाय ठेवायला माज्याकडं काय उरलंय? तुजं बरं हाय. तुजा जेरोम घरी हाय. म्हनून तुना न्याय सुचतो.

क्लेमेंटिना: जेरोम आत्ता सिव्हिल हॉस्पिटलात बसलाय, हाताचं ड्रेसिंग बदलायला. अजून भरत नाही तो हात.

मालू: हात नाय, पन मानूस तर हाय. दोगं बरोबर गेलेले, बाय. वागळे इस्टेटची कंपनी बंद पडली तवा तुजा जेरोम आमच्या धक्क्यावर येऊन बसायचा. नाथाला बोलला, खाडीत आता केमिकलच्या पान्यात काय गावनार, चल माज्यासोबत, फिटरचा हेल्पर म्हनून. त्यानी नेला. न आता मना बाजारात बघितलं का दुसऱ्या गल्लीत शिरतो. दोनदा गाठला मी त्याला. एकदा मटन मार्केटच्या कोपऱ्यावर हाताला धरून इचारलं, माजा मानूस कुठं सोडून आलास? तर रडाय लागला. रडून माजं पोट भरतं का?

क्लेमेंटिना: त्याला सांगता येत नाही, कारण त्याला माहीत नाही. बस जरा. तुला आजवर कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

मालू: उभीच बरी हाय मी. सांग.

क्लेमेंटिना: कल्याणच्या ऑफिसात गोपीनाथने जो कागद दाखवला, त्यावर पाइप फिटर आणि त्याचा हेल्पर असंच लिहिलेलं. मुंबईच्या सरकारी ऑफिसात तोच पास झाला. तिकडे विमानतळावर एक माणूस न्यायला आलेला, त्याने आधी पासपोर्ट काढून घेतले. मग दुसरा कागद पुढे केला, अरबीतला. जेरोमने विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, सही नसेल करायची तर इथेच झोपा. दोघांनी केली. तिथून नेलं ते खडी फोडायच्या मशीनवर. पाइप नाही, फिटिंग नाही. पत्र्याची खोली, पाणी टँकरचं आणि तेही गरम. नाथा तिथेसुद्धा हसवायचा म्हणे सगळ्यांना. मग एक दिवस मुकादम आला आणि बोटाने दाखवलं, हा मशीनवर राहील, हा बकऱ्यांवर जाईल. जेरोम मध्ये पडला, आम्ही एका गावचे, एकत्र ठेवा. त्याला मारलं. नाथाला पिकअपच्या मागे चढवलं. कपड्यांची पिशवीसुद्धा घेऊ दिली नाही, म्हणून जेरोमला वाटलं संध्याकाळी परत आणतील. नाही आणलं. कुठे नेलं ते विचारायचा तो. कोणी सांगितलं नाही. मग मशीनच्या पट्ट्यात जेरोमचा हात गेला. हात गेला म्हणजे कामाचा राहिला नाही, म्हणून विमानात बसवला. तो सुटून आलेला नाही, मालू. टाकून दिलाय त्याला. तू विचारणार, नाथा कुठे, आणि त्याच्याकडे उत्तर नाही. म्हणून तो गल्ली बदलतो.

मालू: बकऱ्यांवर. दर्याचा मानूस बकऱ्यांवर.

क्लेमेंटिना: तक्रार मी एकट्या जेरोमसाठी केलेली नाही. नाथाचंही नाव घातलंय त्यात.

मालू: कोनाला इचारून घातलंस?

क्लेमेंटिना: तुला विचारायला आलेले. तू दार उघडलं नाहीस.

मालू: मी शेटला इचारलं तवा शेट बोलला, तक्रार करनाऱ्यांची मानसं मागं रायतात. म्हनून नाय उघडलं. न बाकीचे तक्रारवाले पन घाबरले. उल्हासनगरचे, दिव्याचे, सगले मागं फिरले. तू एकटी रायलीस उभी. तुना काय मिलनार हाय? जेरोमचा हात येईल?

क्लेमेंटिना: नाही येणार. पण परवा मी कल्याणला गेलेले. त्याच्या ऑफिसच्या जिन्यात माणसं उभी होती, पासपोर्ट हातात घेऊन. लायसन थांबवलंय तरी घेतोय तो. उद्या मी गप्प बसले तर तीही माणसं जातील.

मालू: त्यांच्या बाया त्यांना बघतील. मना परक्यांची मानसं दाखवू नको.

गोपीनाथ: येऊ का आत? बराच वेळ झाला, म्हटलं बघावं.

क्लेमेंटिना: चपला बाहेर काढा.

गोपीनाथ: काढल्यात. क्लेमेंटिनाबाई, मी भांडायला आलेलो नाही. घरात आजारी माणूस आहे, मला जाणीव आहे. पण उद्या जे होईल ते कोणाच्याच फायद्याचं नाही, म्हणून शेवटचं समजावून सांगावं असं वाटलं.

क्लेमेंटिना: सांगा.

गोपीनाथ: तिकडच्या पार्टीने मला जो कागद पाठवला, तो मी तुमच्या मिस्टरांना दाखवला. पुढे त्यांनी काम बदललं. त्यात माझी चूक एवढीच की मी विश्वास ठेवला. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत कुठल्याही घरात जा, माझ्या हाताने गेलेली माणसं आहेत. घरावर स्लॅब पडलेत, बहिणींची लग्नं झालीत. माझा सख्खा भाऊ तिकडे आहे. मी काय त्याला विकला?

क्लेमेंटिना: तो बकऱ्यांवर आहे?

गोपीनाथ: तुम्ही शिकलेल्या आहात. कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवता. असं बोलणं शोभत नाही. सिस्टरना भेटलो मी परवा, चांगल्या आहेत. म्हणाल्या, शाळेतल्या बाईंचं नाव कोर्टकचेरीत यावं असं त्यांनाही वाटत नाही.

क्लेमेंटिना: सिस्टरनी मला बोलावून सांगितलं, तुम्ही आलेलात. त्या उद्या रजा देतायत मला.

गोपीनाथ: ठीक. मग माझा वकील उद्या काय विचारणार तेही ऐकून ठेवा. जेरोम पितो, हे माजिवड्यात कोणाला माहीत नाही? दारूच्या नशेत हात मशीनमध्ये घातला, असं लिहून तिकडून पत्र आलंय.

क्लेमेंटिना: तो पितो. लग्नाआधीपासून पितो. सौदीत कुठून आणणार होता? विचारू दे तुमच्या वकिलाला. मी सांगेन, पितो. मग हात कसा गेला तेही सांगेन.

मालू: तुमी दोगं जेरोमचंच बोलत बसा. शेट, नाथाचं बोला. सही जाली तर तो कवा येईल?

गोपीनाथ: मी शब्द दिलाय ना मालूबाई. आठवड्यात.

क्लेमेंटिना: मालू, याला नाथाचं काहीही माहीत नाही. कुठल्या गावात आहे, कोणाकडे आहे, जिवंत तरी आहे का. सही मिळाली की हा तुला ओळख दाखवणार नाही.

गोपीनाथ: असं कसं म्हणता तुम्ही?

क्लेमेंटिना: खोटं असेल तर सांगा ना. तो कुठे आहे?

गोपीनाथ: ते आत्ता सांगणं योग्य नाही.

क्लेमेंटिना: बघ. माहीत असतं तर बोलला असता.

मालू: शेट, खरं सांगा. तुमाला ठावं हाय का नाय? नाय तर मी हिच्यासमोर तोंड घेऊन आलेय कशाला?

गोपीनाथ: मालूबाई, तुम्ही या बाईंच्या नादी लागू नका. मला सगळं माहीत आहे. हाइल म्हणून शहर आहे, त्याच्या पुढे खजुराचं शेत आहे. मालक म्हातारा आहे, चांगला आहे. नाथा तिथे बकऱ्या बघतो. पावसाळ्यात त्याच्या पायाला तार लागली होती, पाय सुजला, तापही आला. मालकाने औषध दिलं. आता ठणठणीत आहे. तुमची आठवण काढतो. एवढं माहिती नसताना मी शब्द देईन का?

मालू: पायाला तार लागलेली.

गोपीनाथ: बरी झाली. चालतो फिरतो.

मालू: पावसाल्यात.

गोपीनाथ: हो. म्हटलं ना, काळजीचं काही नाही आता.

मालू: तुमाला हे कवा कललं?

गोपीनाथ: तेव्हाच. तिकडून फोन आला होता.

मालू: गौरीच्या आदी का नंतर?

गोपीनाथ: आता ते कसं लक्षात राहणार?

मालू: माज्या लक्षात हाय. गौरीच्या आदल्या दिवशी मी कल्यानला आलेले. पाऊस लागलेला. तुमी मना जिन्यात बसवलं. तुमचा कारकून खाली आला न बोलला, शेट म्हनतात पत्ता लागत नाय, मानूस पलून गेला असेल. मी बोलले, नाथा पलून जानारा नाय, मेला असेल तर तसं सांगा. तर बोलला, तेपन सांगता येत नाय.

गोपीनाथ: केस चालू होती. वकिलाने मला सांगितलेलं, कोणाशी काही बोलायचं नाही.

मालू: दिवालीत आले तवा तुमी स्वता बोलले. हात जोडून बोलले, मालूबाई, धीर धरा, कायच कलत नाय.

गोपीनाथ: तेव्हा सांगून उपयोग काय होता? मी त्याला लगेच आणू शकत नव्हतो. या बाईंनी माझे हात बांधलेले.

मालू: आनायचं कोन बोलतंय? मना सांगायचं व्हतं का तो जिता हाय. एवढंच. कोलीवाड्यात बायांनी मना हलदीकुंकवाला बोलवायचं सोडलं, शेट. तोंडावर बोलत नाय कोन. दारावरनं पुडे जातात. सासू माज्या कपालाकडं बघते न तोंड फिरवते, तिला कलत नाय लेक म्हनून रडू का थांबू. मी रोज सकाली आरशात बघून कुकू लावायचे न वाटायचं, हे खोटं तर नाय? न तुमाला ठावं व्हतं. पाय सुजला हेपन ठावं व्हतं.

गोपीनाथ: मालूबाई, मी तुमच्या भावासारखा...

मालू: भाऊ बोलू नको. माजा भाऊ हाय धक्क्यावर, त्याच्यासमोर बोल.

क्लेमेंटिना: द्या तो कागद.

गोपीनाथ: काय?

क्लेमेंटिना: सहीचा कागद द्या. मालू, ऐक. मघाशी मला वाटत होतं हा नुसता थापा मारतोय. आता कळलं तो जिवंत आहे आणि याच्या हातात आहे. माझा माणूस घरी आहे, तू म्हणालीस ते खरं आहे. नाथा तुझा आहे. तू सांगशील तर मी आत्ता सही करते आणि उद्या मुंबईला जात नाही. जिन्यातल्या माणसांचं पाप माझ्या डोक्यावर. पण तू सांग.

गोपीनाथ: पेन आहे माझ्याकडे. मालूबाई, तुमच्या एका शब्दाचं काम आहे.

मालू: नको करू.

गोपीनाथ: नीट विचार करून बोला.

मालू: ज्यानी जिता हाय हे नाय सांगितलं, तो आनून देनार? सही घेईल न मग बोलेल, मालक ऐकत नाय, पुडच्या महिन्यात बघू. मना जिन्यात बसायची सवय जालीय म्हनून बसवेल परत. बाय, तू सही करू नको. उद्या मी पन येते. हाइलच्या पुडं, खजुराचं शेत, म्हातारा मालक. साबाला सांगते. याच्याच तोंडातनं ऐकलंय, तू साक्षीला हायस.

गोपीनाथ: तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तुम्ही उद्या हे सांगितलंत आणि मी एक फोन केला, तर तो त्या शेतावर नसेल. वाळवंट केवढं आहे याची कल्पना आहे? मग एम्बसीच्या बापालाही सापडणार नाही.

क्लेमेंटिना: हेपण सांगू उद्या.

गोपीनाथ: तुमच्या नवऱ्याला तुम्ही स्वतः मारताय, मालूबाई. नंतर माझ्या दारात येऊ नका.

मालू: जा तू. मी बसनी जाईन.

(पुढच्या वर्षी, १९८७. नारळी पौर्णिमा होऊन गेली आहे. क्लेमेंटिनाच्याच घरी.)

क्लेमेंटिना: ये. बाजारात कळलं मला, नाथा आला म्हणून. जेरोम तेव्हाच निघालेला तुझ्याकडे यायला, मीच थांबवला.

मालू: का थांबवलास?

क्लेमेंटिना: शिमग्याच्या आधी जांभळी नाक्यावर सगळ्यांसमोर तू मला काय काय बोललीस, आठवतंय ना? म्हटलं, जेरोमला कशाला ऐकायला लावू.

मालू: बोललेले. आज पन बोलेन. तुमचं काय गेलं? साबानी लायसन रद्द केलं, पेपरात आलं, तुमच्या फादरनी पेढे दिले सगल्यांना. मना पन दिला. मी तो हातात घेऊन ठाण्यापरयंत आले न खाडीत टाकला. तो वकील बोलला, मालूबाई, तुमच्या साक्षीनी काम केलं. मी काय केलं ते मना ठावं. एम्बसीचा मानूस शेतावर गेला तवा नाथा तिथं नव्हता. गोपीनाथनी बोलला तसाच फोन केला.

क्लेमेंटिना: ते वकिलाने सांगितलं तेव्हा मी जेवले नाही, मालू.

मालू: तू सही केली असतीस तर तो शिमग्याला घरी असता.

क्लेमेंटिना: असता कदाचित. तू नको म्हणालीस.

मालू: म्हनून तर तुज्यावर जास्त राग हाय. मी रागात बोलले. तू थोरली, शिकलेली. मी नको बोलले तरी तू करायची व्हतीस.

क्लेमेंटिना: केली असती आणि तरी तो आला नसता, तर?

मालू: तर तुज्यावर राग असता. आता कसा पन असताच.

क्लेमेंटिना: बस ना.

मालू: बसते. पाय दुखतात म्हनून बसते.

क्लेमेंटिना: कसा आला तो? बाजारात कोणी काही सांगतं, कोणी काही. कोणी म्हणतं एम्बसीने सोडवला.

मालू: एम्बसीनी नाय. तो चालत आला. त्याला त्या शेतावरनं आनखी आत नेलेला, मालकाच्या कोना पावन्याकडं. तिथं तर बोलायला पन कोन नाय. चारा घेऊन ट्रकवाला यायचा, पाकिस्तानी पठान. त्यानी एक दिवस सांगितलं, तुज्या जुन्या शेतावर तुमच्या देशाचा साब आलेला, गाडी घेऊन, नाथा नाथा करून इचारत व्हता, ठाण्याचा नाथा. मालकानी सांगितलं, असा कोन नाय इथं. साब दुसऱ्यांदा पन येऊन गेला.

क्लेमेंटिना: दुसऱ्यांदा गेलेला हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मालू: नाथा म्हनतो, तोपरयंत मना वाटायचं मी कुठं हाय ते कोनाला ठावंच नाय. जेरोम मेला असेल, शेट इसरला असेल, बायको दुसऱ्या घरी गेली असेल. बकऱ्यांत एक बकरी वाढलेली तसा मी. न कोन तरी नाव घेऊन आलेला. मग त्यानी इचार केला, नाव घेऊन आलेत म्हंजे मी हाय. पठानाला बोलला, मना रस्त्यापरयंत सोड. तो घाबरला, पन रस्ता कुनीकडं ते दाखवलं. नाथा चालला. दर्यात आमी तारे बघतो तसे तारे बघून चालला. रस्त्यावर पोलिसांनी पकडला, पासपोर्ट नाय म्हनून तुरुंगात टाकला. तिथनं एम्बसीनी कागद करून पाठवला. डोकं भादरलेलं. मी सहारच्या विमानतलावर घ्यायला गेलेले, माज्यासमोरनं गेला तरी मी ओलखला नाय. त्यानीच हाक मारली.

क्लेमेंटिना: आता बरा आहे?

मालू: खातो, झोपतो. होडीवर येतो भावाबरोबर. बोलत नाय जास्त. कोनाच्या घरात जात नाय अजून, दारात उभा रायतो. जेरोमचा हात?

क्लेमेंटिना: भरला. बोटं गेली ती गेली. लाकडाच्या वखारीत बसतो, माल मोजतो. पिणं कमी झालंय, बंद नाही.

मालू: खरं बोलतेस, बरं वाटतं. मी दुसरं एक सांगायला आले. तुना ठावं हाय का, गोपीनाथनी परत दुकान मांडलंय?

क्लेमेंटिना: ऐकलं. मेव्हण्याच्या नावावर नवीन लायसन काढलंय.

मालू: तोच जिना, तीच खोली, पाटी नवीन. पाटीवर मेव्हना न आत खुर्चीवर हाच. मी बघितलंय. मी रोज बघते.

क्लेमेंटिना: रोज?

मालू: त्या जिन्याच्या खाली मी माशांची पाटी घेऊन बसते. ठाण्याच्या बाजारात नाय जात आता, कल्यानला जाते. मासे इकते न जो वर चढतो त्याला सांगते, भाऊ, हा गोपीनाथचाच धंदा हाय, त्याचं लायसन सरकारनी काढून घेतलंय, माजा मानूस यानीच बकऱ्यांवर पाठवलेला. काही खाली उतरतात. काही मना बाजूला सारून वर जातात.

क्लेमेंटिना: त्याने तुला बसू दिलं?

मालू: मुन्सिपालटीची गाडी पाठवली त्यानी. पाटी उचलून नेली, सगला म्हावरा रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी दुसरी पाटी घेऊन बसले. मग स्वता उतरला खाली. बोलला, मालूबाई, नवरा आला ना घरी, आता काय पायजे तुमाला?

क्लेमेंटिना: काय सांगितलंस?

मालू: सांगितलं, कोलंबी ताजी हाय, पायजे तर घ्या. जास्त काय बोलायचं त्याच्याशी.

क्लेमेंटिना: मी येऊ का तुझ्याबरोबर? शनिवारी शाळा अर्धी असते.

मालू: तू तिथं येऊन काय करशील? तुना मासे इकता येत नाय, वास सहन व्हत नाय. तू तुजं काम कर. वकिलाला सांग, पाटीवर एक न खुर्चीवर दुसरा, हे चालतं का म्हनून इचार. परत अर्ज कर दिल्लीला. साक्ष पायजे तर मी येते, नाथापन येईल. जिना माजा हाय.

क्लेमेंटिना: नाथा येईल साबासमोर?

मालू: दारात उभा राहून बोलेल. पन बोलेल.

क्लेमेंटिना: मग लिहिते मी अर्ज. आणि चहा टाकते, थांब.

मालू: नको. मैत्री करायला आले नाय मी, बाय. माजा राग हाय तसा हाय.

क्लेमेंटिना: असू दे. चहाला राग चालतो.

मालू: नाथा रस्त्यावर उभा हाय, त्याला वेल व्हतो. त्यानीच पाठवलंय मना. मी नाय येत व्हते.

क्लेमेंटिना: तो आलाय? बाहेर उभा आहे?

मालू: बोलवू नको, येनार नाय. त्यानी मना इचारलं, तिकडं माजं नाव घेऊन कोन आलेलं, त्यांना नाव सांगितलं कोनी? मी बोलले, मी सांगितलं, साबासमोर. मग त्यानी इचारलं, न त्याच्या आदी? तुज्या आदी अर्जात कोनी घातलं?

क्लेमेंटिना: मग?

मालू: मग काय, खरं ते सांगितलं. तर बोलला, जा, त्या बाईला सांगून ये. पोचलो म्हनून.